स्वाकोपमुंड : वाळवंटात जायचंय, स्वेटर घ्या

नामिबिया म्हटलं की बहुतेकांना चित्ते आठवतात. २०२२ साली कुनोत आणलेले पहिले आठ तिथलेच. आमचे गट मात्र जातात अटलांटिकच्या काठावर, स्वाकोपमुंडला. समोर समुद्र, पाठीशी नामिबचं वाळवंट आणि मधे जर्मन वळणाचं टुमदार गाव. सहलीला चांगलंच, पण ५०-६० जणांच्या डीलर मीटसाठी आम्हाला ते जास्त पटतं, कारण संध्याकाळी मंडळी पायीच सगळीकडे फिरू शकतात.

पहिला प्रश्न हमखास उकाड्याचा असतो. एरवी उकाडा नसतोच. हिवाळ्यात क्वचित पूर्वेचा गरम, वाळू उडवणारा वारा सुटतो तेवढाच. किनाऱ्याला लागून बेंग्वेला हा थंड प्रवाह वाहतो. त्यावरची हवा गारठते आणि रात्री धुकं गावात शिरतं. सकाळी समोरची इमारतही धूसर दिसते, ऊन पडतं ते बहुधा दुपारकडे. पाऊस वर्षाला २० मिलिमीटरही नाही, त्यामुळे इथले कितीतरी जीव धुक्यावरच जगतात. एक काळा भुंगेरा तर वाळूच्या कडेवर डोकं खाली आणि पाठ वर करून उभा राहतो. पाठीवर धुक्याचे थेंब जमतात आणि ओघळून थेट तोंडात! पहाटे उठायची तयारी आणि थोडं नशीब असेल तर वाटाडे तो दाखवतात.

म्हणूनच कार्यक्रम आम्ही धुक्याच्या हिशेबाने आखतो. सकाळी सभागृह, जेवणानंतर वाळूच्या टेकड्या. उलटं केलंत तर फोटोत कोणाचा चेहरा दिसणार नाही आणि दुपारी सभागृहात कोणी बसणार नाही. तिथले नऊ म्हणजे आपले साडेबारा, तेव्हा ऑफिसचे फोन सत्रात वाजणार हे धरून चाला.

गाव वसलं ते बंदराच्या गरजेपोटी. जवळचं उत्तम बंदर, वॉल्विस बे, इंग्रजांकडे होतं. म्हणून जर्मनांनी १८९२ साली या उघड्या किनाऱ्यावर ठाण मांडलं. १९०३ चा धक्का गाळाने भरला. १९१२ मध्ये हाती घेतलेली लोखंडी जेट्टी महायुद्धामुळे अर्धवट राहिली. आज तिच्यावर लोक फिरायला येतात, टोकाला रेस्टॉरंट आहे. १९०१ चं रेल्वे स्टेशन आता हॉटेल झालंय, आणि परिषदांची सोयही तिथेच आहे.

या देखण्या इमारतींच्या काळाची दुसरी बाजू गावाच्या कडेला, कब्रस्तानाशेजारी दिसते. १९०४ ते १९०८ मध्ये जर्मन सैन्याने हेरेरो आणि नामा लोकांचा संहार केला. इथल्या छावणीत कैदी उपासमारीने आणि वेठबिगारीने मेले. त्यांच्या कबरी म्हणजे नाव नसलेले वाळूचे बुटके उंचवटे. जर्मनीने हा वंशसंहार असल्याचं २०२१ मध्ये मान्य केलं. ही जागा आम्ही कार्यक्रमातून वगळत नाही. उंचवट्यांवर पाय देऊ नका, सेल्फीही नको.

आता कामाचं. मुंबईहून थेट विमान नाही. अदिस अबाबा किंवा जोहान्सबर्गमार्गे राजधानी विंडहुक, तिथून बसने सुमारे साडेतीनशे किलोमीटर, रस्ता डांबरी आणि चांगला. व्हिसा आणि यलो फीवरच्या लशीबद्दल तिकीट काढण्याआधीच विचारा, मार्गानुसार नियम बदलतात. नामिबियन डॉलर आणि दक्षिण आफ्रिकेचा रँड यांचा भाव एकच आहे आणि रँड तिथे सगळीकडे चालतो, म्हणून रँडच न्या. जेवणात मासे आणि मांसाचा भर. शाकाहारींची सोय आधी सांगितली तरच नीट होते. चार चाकांची क्वाड बाइक ठरवून दिलेल्या वाटेवरच चालवायची, कारण खडकाळ सपाटीवर उठलेली चाकोरी कित्येक वर्षं पुसली जात नाही.

नाताळ ते जानेवारीच्या मध्यापर्यंतच्या तारखा मागू नका. तिथे तेव्हा उन्हाळा असतो, म्हणून विंडहुकची मंडळी गारव्याला इथेच येतात आणि खोल्या मिळत नाहीत. एकूण माणसं, त्यातले शाकाहारी-जैन आणि सत्रांचे तास एवढं कळवलंत की कच्चा आराखडा आणि खर्चाचा अंदाज आम्ही पाठवतो.