पोटातलं पेव

गेल्या येळवशीला, म्हणजे वेळ अमावास्येला, लातूरजवळच्या आमच्या शेतात भज्जी-आंबिलाची पंगत उठली आणि तात्या हळूच माझ्याजवळ सरकले. महिनाभरापूर्वी त्यांना शुगर निघाली होती. "ही जाड्या माणसाची बिमारी म्हणतेत. माझ्या अंगावर मूठभर मास न्हाई. मला कशी झाली रे?" तात्यांचं वजन 58 किलो. हातपाय काटकुळे. नेहरू शर्टाखाली पोट तेवढं पुढे आलेलं, पण आपल्याकडे पोट कोण मोजतो?

उत्तर द्यायला मला त्यांच्याच ओळखीचं पेव आठवलं. त्यांच्या लहानपणी वाड्याच्या अंगणात ते होतं. जमिनीत खोल खड्डा, कडेनं कडबा, आत ज्वारी, आणि तोंड मातीनं लिंपलेलं. सुगीत भरायचं, टंचाईत काढायचं. अंगावरच्या चरबीबद्दल विज्ञानाचीही समजूत कितीतरी वर्षं एवढीच होती. चरबी म्हणजे मुकं कोठार.

1993 साली अमेरिकेत गोखान होटामिस्लिगिल आणि ब्रूस स्पिगेलमन यांनी लठ्ठ उंदरांची चरबी तपासली, तेव्हा या समजुतीला पहिला मोठा धक्का बसला. त्या चरबीत टीएनएफ-अल्फा नावाचं प्रथिन भरपूर तयार होत होतं. जखम झाली, जंतू शिरले की शरीर दाह, म्हणजे सूज, निर्माण करतं, त्या कामातलं हे एक मुख्य प्रथिन. जखम नाही, जंतू नाही, मग ते इथे काय करत होतं? संशोधकांनी ते निकामी केलं, तर उंदरांच्या शरीराला रक्तातली साखर आवरणारं इन्सुलिन पुन्हा चांगलं लागू पडू लागलं. पुढच्याच वर्षी जेफ्री फ्रीडमन यांच्या गटाला चरबीतूनच निघणारं, पोट भरल्याचा निरोप मेंदूला देणारं लेप्टिन सापडलं. कोठार बोलत होतं तर!

तात्या मधेच म्हणाले, "पेवाचं तोंड उघडलं की लगेच कुणी आत उतरत नसे. आधी कंदील सोडायचा. विझला तर थांबायचं." बंद पेवातले दाणे श्वास घेतात, आतला प्राणवायू संपतो आणि विषारी हवा साठते. चरबीतही काहीसं असंच घडतं. खाणं जास्त आणि हालचाल कमी झाली की मेदपेशी फुगत जाते, तिचा व्यास 0.1 मिलिमीटरच्याही पुढे जातो. रक्तवाहिनीतून झिरपणारा प्राणवायू साधारण तेवढ्याच अंतरापर्यंत पोचतो. लठ्ठ उंदरांच्या चरबीत ही घुसमट स्पष्ट दिसते. माणसांत ती किती असते यावर अजून वाद आहे. पण अतिफुगलेल्या पेशी तणावाखाली येतात, काही मरतात आणि मदतीची हाक देणारी प्रथिनं सोडतात, हे दोन्हीकडे दिसलं आहे.

त्या हाकेला रक्तातल्या भक्षक पेशी धावून येतात. मेलेल्या मेदपेशीभोवती त्या कडं करून बसतात; सूक्ष्मदर्शकाखाली ते मुकुटासारखं दिसतं. 2003 साली प्रसिद्ध झालेल्या मोजणीत सडपातळ माणसांच्या चरबीत या पेशी 10 टक्क्यांहून कमी, तर लठ्ठ माणसांच्या चरबीत जवळपास 40 टक्के भरल्या. टीएनएफ-अल्फा मुख्यतः याच सोडतात. शिवाय इंटरल्यूकिन-6 नावाचं दुसरं निरोप्या प्रथिन वाढतं. ते यकृताला सीआरपी, म्हणजे रक्ततपासणीत दाहाची खूण ठरणारं प्रथिन, तयार करायला लावतं. या दाहात ताप नाही, ठणका नाही, लाली नाही. म्हणून तो वर्षानुवर्षं कळतच नाही.

आणि साखरेचं काय? इन्सुलिन पेशीच्या कवचावर येऊन निरोप देतं, आत तो निरोप एका प्रथिनाकडून दुसऱ्याकडे फॉस्फेटच्या खुणेनं जातो. टीएनएफ-अल्फा ही खूण भलत्याच जागी लावायला लावतं. निरोप वाटेतच अडकतो, साखर रक्तातच राहते.

आता तात्यांच्या मूळ प्रश्नाकडे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन या दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, अगदी सारखा, 22.3. पण शरीरातली चरबी मोजली तेव्हा युडकिन यांची 9.1 टक्के आणि याज्ञिकांची 21.2 टक्के निघाली. 2004 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात दोघांचा फोटोच छापून आला. याज्ञिकांच्या गटानं पुण्याजवळच्या खेड्यांतली बाळंही मोजली होती. सरासरी 2.7 किलोची, इंग्लंडमधली 3.5 किलोची. आपली बाळं हाडापेरानं, स्नायूंनी बारीक होती, पण कातडीखालची चरबी त्यांनी बरीच राखली होती. म्हणजे वजनकाट्यावर बारीक दिसणारा माणूस आतून बारीक असेलच असं नाही. पोटाच्या आत, आतड्यांभोवती साठणारी चरबी जास्त त्रासदायक, कारण तिथलं रक्त थेट यकृताकडे जातं.

"मग सुजेची गोळी घेऊ का?" तात्यांनी विचारलं. प्रश्न रास्त होता, शास्त्रज्ञांनाही तोच पडला होता. टीएनएफ अडवणारी औषधं संधिवातात उपयोगी पडतात, पण मधुमेहींवर वापरून पाहिली तेव्हा उंदरांसारखा गुण आला नाही. उलट, ज्या उंदरांच्या मेदपेशींत दाहच होऊ दिला नाही, त्यांची चरबी नीट वाढेना आणि जादा चरबी यकृतात जाऊन बसली. थोडा दाह चरबीला जागा करून देतो. तो कायमचा मुक्कामाला राहिला की बिघडतं. दुखण्याच्या गोळ्या मनानं घेतल्या तर मूत्रपिंडं मात्र बिघडू शकतात, हे मी त्यांना दोनदा सांगितलं. डॉक्टरांनी दिलेली शुगरची गोळी चालूच ठेवायची, हेही.

मला सगळ्यात नवल वाटतं ते इंटरल्यूकिन-6 चं. काम करणारे स्नायूही हेच प्रथिन सोडतात, आणि तिथे ते भल्याचं ठरतं. डेन्मार्कमधल्या एका प्रयोगात पोट सुटलेल्या माणसांना 12 आठवडे सायकल मारायला लावली. त्यांची पोटातली चरबी घटली. ज्यांना सोबत इंटरल्यूकिन-6 अडवणारं औषध दिलं होतं, त्यांची मात्र घटली नाही. चरबीतून सदानकदा पाझरलं तर त्रास, स्नायूतून व्यायामापुरतं उसळलं तर औषध.

तात्या पूर्वी बैलांमागे दिवसभर चालायचे. आता पंधरा वर्षं भाड्याचा ट्रॅक्टर आहे, आणि शेतावरही मोटारसायकलनं येणं. ज्वारीची जागा पोळी-भातानं घेतली, दिवसातून चार चहा, त्यात साखर.

वहिनींच्या शिवणाच्या डब्यातली टेप आणून मी त्यांना उभं केलं. शेवटची बरगडी आणि कंबरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून, टेप न आवळता. भारतीय पुरुषाला 90 सेंटिमीटरच्या आत, बाईला 80 च्या आत. तात्यांचं भरलं 94. त्यांनी आकडा दोनदा वाचला, टेप गुंडाळून स्वतःच्या खिशात घातली, आणि मोटारसायकलची किल्ली पुतण्याच्या हातात देऊन गावाकडे पायी निघाले.