घराचं वायरिंग करताय? मग झिऱ्या बुजवायच्या आधी हे वाचा

नमस्कार. कोल्हापुरात आमचं घरगुती वायरिंगचं छोटं काम आहे, आम्ही चौघं आहोत, आणि हल्ली कोटेशन दिलं की दर दुसऱ्या घरात ऐकायला मिळतं, "अहो गवंड्याच्या ओळखीचा एक पोरगा आहे, तो निम्म्यात करतोय की." करत असेल, आम्ही खोटं म्हणत नाही. तो निम्म्यात कसं करतो आणि आम्हाला का परवडत नाही, हे तुम्हाला कळावं म्हणून हा कागद.

बोर्ड, खटके, दिवे दोघांच्या कामात सारखेच दिसतात. फरक असतो तो झिरीच्या आत, म्हणजे वायरीसाठी भिंतीत पाडलेल्या खाचेत, आणि झिरी एकदा सिमेंटनं बुजली की तिथं काय आहे ते घरमालकाला कधीच दिसत नाही. गिझर-एसीला चारची (म्हणजे चार चौरस मिलिमीटर तांब्याची) वायर हवी तिथं दीडची, बारीक वायर ओढलेली असते, अर्थिंगची हिरवी वायर सगळ्या सॉकेटला फिरवायची ती फक्त किचनपर्यंत जाते, आणि काम संपल्यावर मेगर (वायरीतून करंट गळतो का ते मोजायचं यंत्र) लावून एकेक सर्किट तपासायचं ते तपासलंच जात नाही, खटका दाबला, दिवा लागला, हिशोब द्या. पैसे वाचतात ते इथं.

तीन किलोवॅटचा इन्स्टंट गिझर २३० व्होल्टला साधारण १३ अँपिअर खेचतो. त्याच दीडच्या वायरीवर वॉशिंग मशीन पण दिलेली असली की दोन्ही एकदम चालू झाल्यावर एमसीबी (लोड जास्त झाला की आपोआप पडणारा खटका) पडतो, मग त्या पोराला बोलावलं की तो म्हणतो एमसीबी खराब आहे, आणि ३२ अँपिअरचा टाकून जातो. आता पडायचं बंद होतं आणि घरातले खूश. पण एमसीबी असतो भिंतीतली वायर वाचवायला, ३२ चा एमसीबी पडायची वाट बघत दीडची वायर आतल्या आत तापत राहते, तिचं वरचं पीव्हीसी कडक होऊन तडकतं. जुनं काम उघडताना अशी वायर हातात घेतली की बिस्किटासारखा चुरा पडतो, आम्ही कितीदा बघितलंय.

एक प्रसंग सांगतो. राजारामपुरीतल्या एका घरात आजी म्हणायच्या, बेसिनच्या नळाला हात लावला की मुंग्या येतात. कुणी लक्ष दिलं नाही, वयामुळं होत असेल म्हणाले. आम्ही गेलो, नळाला टेस्टर लावला तर टेस्टर पेटला. गिझरचा सॉकेट उघडला तर आत दोन इंचाचा हिरव्या वायरीचा तुकडा, न्यूट्रलच्या (करंट परत नेणाऱ्या वायरीच्या) स्क्रूवरून थेट अर्थच्या स्क्रूवर. म्हणजे अर्थिंगची वायर तिथपर्यंत आलेलीच नव्हती, न्यूट्रललाच अर्थिंग म्हणून जोडून दिलेलं आणि अर्थिंगचे पैसे मात्र घेतलेले. न्यूट्रल घट्ट आहे तोवर यातलं काही कळत नाही. पण बोर्डात न्यूट्रलचा स्क्रू ढिला झाला की फेज, म्हणजे जिवंत करंट, गिझरच्या कॉइलमधून फिरून त्या तुकड्यावाटे गिझरच्या पत्र्यावर येतो, पत्र्यावरून पाइपला आणि पाइपवरून नळाला. आजींच्या पायात रबरी चप्पल होती म्हणून मुंग्यांवर निभावलं, ओल्या फरशीवर अनवाणी असत्या तर काय झालं असतं ते लिहायला हात धजत नाही. त्याच घरात ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की लाईन तोडणारा खटका) पण होता, तो सारखा पडतो म्हणून त्याच कारागिरानं बायपास केलेला. अहो, पडत होता म्हणजे तो त्याचं काम करत होता!

पुराचं पण सांगायला पाहिजे. २०१९ ला आणि परत २०२१ ला शाहूपुरी, दुधाळीकडं घरात पाणी शिरलं, भिंती वरून वाळल्या पण वायरीच्या पाइपात गाळ आणि ओल तशीच. अशा घरात ५०० व्होल्टचा मेगर लावून निदान एक मेगओहम रीडिंग मिळाल्याशिवाय लाईन सोडायची नसते. बोर्डावर नुसता पंख्याचा वारा मारून लाईट चालू करून देणारे तेव्हा गल्लोगल्ली फिरत होते.

कायद्याचं थोडक्यात. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०२३ च्या सुरक्षा नियमांत बल्ब, पंखा, फ्यूज, खटका बदलण्यासारखी किरकोळ कामं सोडून बाकी वायरिंग लायसन्सवाल्या ठेकेदारानंच करायचं असं आहे. महावितरणचं नवीन कनेक्शन घेताना टेस्ट रिपोर्टवर त्याचीच सही लागते. आता खरं बोलायचं तर ही सही घराची पायरीसुद्धा न चढता विकणारे लायसन्सवाले आमच्याच धंद्यात आहेत, आणि आम्हाला त्या पोरांपेक्षा यांचा राग जास्त येतो. पोरांचा हात पुष्कळदा चांगला असतो, त्यांना कुणी शिकवलेलं नसतं एवढंच. आमच्यातला एकजण असाच गवंड्यामागून आलेला, मग आयटीआयला दोन वर्षं तारतंत्रीचा ट्रेड केला, आज मेगरचं रीडिंग तोच घेतो.

तर काम कुणालाही द्या, पण लायसन्स बघायला मागा, आणि ज्याच्या नावावर आहे तो स्वतः साइटवर येणार का ते विचारा. वायरीवर आयएसआयचा शिक्का आणि आयएस ६९४ (पीव्हीसी वायरीच्या मानकाचा नंबर) छापलेलं बघा, बंडलचं पक्कं बिल तुमच्या नावानं घ्या. झिऱ्या उघड्या असताना प्रत्येक भिंतीचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा, पुढं ड्रिल मारताना पण उपयोगी पडतो. मेगरचं आणि अर्थिंगचं रीडिंग कागदावर लिहून मागा, टाळाटाळ झाली तर समजून घ्या. आरसीसीबीवरचं टेस्टचं बटण महिन्यातून एकदा दाबून बघा, पडला पाहिजे.

आणि काम दुसऱ्याला दिलं असलं तरी प्लास्टरच्या आदल्या दिवशी आम्हाला फोन करा, आमचा माणूस मेगर घेऊन येईल, कोल्हापूर शहरात या तपासणीचे आम्ही पैसे घेत नाही.