बॉबी तल्यारखान: दिवसभर एकटेच माईकवर

मुंबईत रेडिओ केंद्र १९२७ मध्येच सुरू झालेलं, पण चालवणारी कंपनी तीनच वर्षांत बुडाली आणि सरकारने ती सेवा ताब्यात घेतली, त्यामुळे सुरुवातीला खेळबिळ कुणाच्या डोक्यातही नसावेत. मग डिसेंबर १९३३ मध्ये बॉम्बे जिमखान्यावर भारतातली पहिली टेस्ट झाली, अमरनाथने ११८ मारले, सगळं शहर क्रिकेटवेडं झालं, आणि वर्षभरातच १९३४ च्या चौरंगी सामन्यांत पारशी विरुद्ध मुस्लिम मॅचला माईकसमोर बसले ए. एफ. एस. उर्फ बॉबी तल्यारखान. भारतातल्या क्रिकेट कॉमेंट्रीची सुरुवात इथूनच धरतात.

चौरंगी म्हणजे युरोपियन, पारशी, हिंदू, मुस्लिम. १९३७ पासून ‘रेस्ट’ म्हणजे उरलेल्या समाजांची टीम आली आणि पंचरंगी झाली. धर्मावर टीम पाडणं चूकच होतं, गांधीजींनीही १९४० मध्ये विरोध केला आणि १९४६ नंतर स्पर्धा बंदच पडली. पण मैदानावर जागा मिळायची नाही इतकी गर्दी व्हायची, विजय मर्चंटने नाबाद २५० काढायचे आणि त्याच मॅचमध्ये विजय हजारेंनी टीमच्या ३८७ पैकी एकट्याने ३०९, ही त्या काळची पातळी. ज्यांना तिकीट मिळायचं नाही त्यांच्यासाठी रेडिओच मैदान होता.

आणि तल्यारखान एकटे बोलायचे! लंच आणि टी सोडला तर दिवसभर तोच आवाज, जोडीला कुणी नाही, स्क्रीन नाही, रिप्ले नाही, फक्त डोळे आणि जीभ. कॉमेंट्री इंग्रजीत असायची, पण तो भारदस्त आवाज ऐकणाऱ्याला धरून ठेवायचा. मला हे आजही अचाट वाटतं, सलग तासभर बोलून बघा म्हणजे कळेल.

१९४८-४९ ला वेस्ट इंडीजची टीम आली तेव्हा आकाशवाणीने तिघांचं पॅनल ठरवलं. तल्यारखानना माईक वाटून घेणं मान्य नव्हतं, सरळ बाजूला झाले. माझं मत विचाराल तर पॅनलचा निर्णय बरोबरच होता, पाच दिवसांची टेस्ट एकाच्या गळ्यावर चालवणं शक्य नाही, पण ज्याने हे काम शून्यातून उभं केलं त्याने असं जाणं मनाला लागतंच. पुढे ते पेपरात कॉलम लिहीत राहिले, ‘डू यू गेट मी, स्टीव्ह?’ हे त्यांचं पेटंट वाक्य. १९९० मध्ये ते गेले. मराठीत हेच काम नंतर बाळ ज. पंडितांनी केलं, ते स्वतः महाराष्ट्राकडून रणजी खेळलेले, त्यांच्यावर वेगळं लिहायला हवं.