लिनक्सवर प्रिंटर, वायफाय चालत नाही म्हणतात, ते कितपत खरं?

लिनक्स म्हणजे विंडोजसारखीच कॉम्प्युटर चालवणारी सिस्टीम. तिच्याबद्दल वर्षानुवर्षं फिरणारा मेसेज असा: "लिनक्स टाकलं की प्रत्येक हार्डवेअरसाठी ड्रायव्हर शोधत बसा, नवख्याचं काम नव्हे." (ड्रायव्हर म्हणजे हार्डवेअर चालवणारं छोटं सॉफ्टवेअर.) एकेकाळी यात बरंच तथ्य होतं, त्यामुळे विश्वास बसणं साहजिक आहे.

पण लिनक्समध्ये बहुतेक ड्रायव्हर कर्नलसोबतच, म्हणजे सिस्टीमच्या गाभ्यासोबतच येतात, म्हणून माउस, कीबोर्ड, पेनड्राइव्ह, बरेचसे वेबकॅम लावले की लगेच चालतात, सीडी नको की वेबसाइट नको. प्रिंटरचं म्हणाल तर खोक्यावर एअरप्रिंट (आयफोनवरून थेट छापायची सोय) लिहिलेलं असलं की सहसा वेगळा ड्रायव्हर लागतच नाही. अडचण खरंच येते ती काही ब्रॉडकॉम वायफाय चिप्स, बरेच फिंगरप्रिंट रीडर आणि एनव्हिडिया ग्राफिक्स कार्डांना, त्यातल्या एनव्हिडियासाठी मिंट या लिनक्सच्या एका प्रकारात ड्रायव्हर मॅनेजर आहे, तिथून दोन-चार क्लिकमध्ये काम होतं.

माझ्यावर विश्वास ठेवू नका, स्वतः बघा. 8 जीबीच्या पेनड्राइव्हवर मिंट टाका, त्यावरून कॉम्प्युटर चालू करा, इन्स्टॉल दाबलं नाही तर तुमचं विंडोज आहे तसंच राहतं. वायफाय जोडा, आवाज ऐका, एक पान छापा. एखादी यूएसबी वस्तू चाललीच नाही तर टर्मिनलमध्ये (कमांड टाइप करायच्या खिडकीत) 'एलएसयूएसबी' (lsusb) ही कमांड छोट्या इंग्रजी अक्षरांत टाइप करा, यादीत ती दिसली तर बहुधा ड्रायव्हरचा प्रश्न, नाही दिसली तर आधी केबल आणि पोर्ट बदलून बघा. पणजी-म्हापशात दुकानातून नवा वायफाय डोंगल घेणार असाल तर पैसे देण्याआधी मॉडेल नंबरासोबत लिनक्स लिहून सर्च कराच, कारण एकाच मॉडेलच्या वेगवेगळ्या व्हर्जनमध्ये चिप वेगळी असू शकते.