अनात्मवाद

शरीर-मनावर हुकूम चालवणारा, न बदलणारा आणि स्वतंत्र असा आत्मा कुठेही सापडत नाही, हा बौद्ध दर्शनातील सिद्धान्त. पालीत 'अनत्त'. अनित्य आणि दुःख यांच्या जोडीने तो तीन लक्षणांत मोडतो. धम्मपदात (गाथा २७७–२७९) 'सर्व संस्कार' (कारणांनी घडलेल्या सर्व गोष्टी) अनित्य आणि दुःख म्हटले आहेत. तिसऱ्या गाथेत मात्र शब्द बदलतो : 'सब्बे धम्मा अनत्ता' (सर्व धम्म, म्हणजे घडलेल्या आणि न घडलेल्या सर्व गोष्टी, अनात्म). निर्वाण संस्कारांत बसत नाही, पण धम्मांत बसते. म्हणून थेरवादी (पाली ग्रंथ मानणारी) परंपरा निर्वाणालाही अनात्म मानते.

सारनाथला पंचवर्गीय (बुद्धाच्या पहिल्या पाच) भिक्षूंना सांगितलेल्या अनत्तलक्खण सुत्तात व्यक्तीची पाच स्कंधांत (घटकसमूहांत) फोड केली आहे : रूप (शरीर), वेदना (सुखदुःखाचा अनुभव), संज्ञा (ओळख), संस्कार (येथे इच्छादी मनोव्यापार), विज्ञान (जाणीव). प्रत्येकाला दोन कसोट्या लावतात. हे 'मी' असते, तर 'असे हो, तसे होऊ नको' ही आज्ञा त्याने ऐकली असती. ते ऐकत नाही. शिवाय जे अनित्य, म्हणून दुःख, त्याला 'हे माझे, हा मी, हा माझा आत्मा' म्हणणे योग्य नाही. आत्मा म्हणजेच स्कंध, आत्म्याजवळ स्कंध, आत्म्यात स्कंध किंवा स्कंधात आत्मा, या चार रीतींनी पाचही स्कंधांकडे पाहिले की सक्कायदिट्ठीचे (स्कंधांच्या संदर्भात आत्मा पाहणाऱ्या दृष्टीचे) २० प्रकार होतात.

घोटाळा बहुधा दोन ठिकाणी होतो. साति या भिक्षूला वाटले की तेच विज्ञान जन्मोजन्मी फिरते. बुद्धाने त्याला खडसावले : विज्ञान प्रत्ययांवाचून (कारणांवाचून) उत्पन्न होतच नाही. दुसरे टोक उच्छेदवादाचे, म्हणजे मृत्यूबरोबर सारे नष्ट होते या मताचे. 'आत्मा आहे का?', 'मग नाही का?' या वच्छगोत्त परिव्राजकाच्या दोन्ही प्रश्नांवर बुद्ध गप्प राहिले, कारण 'नाही' ऐकून तो 'पूर्वी होता तो आत्मा आता गेला' असे समजला असता. हे मौन सोयीस्करपणे आत्म्याच्या बाजूचे मानणे ओढूनताणून आहे.

वात्सीपुत्रीय या बौद्ध पंथाने स्कंधांहून वेगळाही नाही आणि एकही नाही असा 'पुद्गल' (व्यक्ती) मानला. कथावत्थू या थेरवादी वादग्रंथातील पहिलाच वाद पुद्गलाचा आहे आणि बौद्ध आचार्य वसुबंधूच्या अभिधर्मकोशभाष्याचे नववे प्रकरणही त्याच्याच खंडनाला वाहिलेले आहे.

सिद्धान्त पटला म्हणून 'मी' जात नाही. सक्कायदिट्ठी स्रोतापन्नाची (मुक्तिमार्गाच्या पहिल्या टप्प्यावर पोचलेल्याची) सुटते. 'मी आहे' हा मान (अहंभाव) मात्र अर्हत्त्वापर्यंत (पूर्ण मुक्तीपर्यंत) टिकतो. खेमक भिक्षूची उपमा धुतलेल्या वस्त्राची आहे : मळ निघतो, पण खाराचा वास मागे राहतो, आणि सुगंधी पेटीत ठेवल्यावरच तो जातो.