अकापुल्को: मुळातच जत्रेचं गाव

मेक्सिकोच्या पॅसिफिक किनाऱ्यावरचं अकापुल्को म्हटलं की कड्यावरून समुद्रात सूर मारणारी पोरं आठवतात. त्या जागेचं नाव ला केब्रादा, म्हणजे फुटलेली, चिरलेली जागा. तिथे डोंगर माणसांनीही फोडला आहे, आणि तो कुणाच्या करमणुकीसाठी नव्हे, वाऱ्यासाठी. अकापुल्कोचा उपसागर डोंगरांच्या कोंडाळ्यात आहे. आतलं पाणी जहाजांना सोन्यासारखं, पण हवा कोंदट, आणि गावात तापाची साथ कायमची. म्हणून 18व्या शतकाच्या अखेरीस डोंगरात खिंड पाडून समुद्राचा वारा आत घ्यायचा घाट घातला गेला. 1803 मध्ये तिथे उतरलेल्या अलेक्झांडर फॉन हम्बोल्ट या जर्मन शास्त्रज्ञाने त्या खिंडीची नोंद केली आहे.

एवढ्या कुंद जागी लोक राहायचे ते मनिलाच्या जहाजासाठी. 1565 मध्ये आंद्रेस दे उर्दानेता या स्पॅनिश खलाशी-धर्मगुरूने फिलिपाइन्सहून पूर्वेकडे मेक्सिकोला परतायची वाट शोधली. तेव्हापासून 1815 पर्यंत, म्हणजे अडीचशे वर्षं, वर्षाला एखाददुसरं गलबत मनिलाहून इथे येत राहिलं. येताना चिनी रेशीम, चिनी मातीची भांडी, मसाले आणि हिंदुस्थानी सुती कापड. जाताना मेक्सिकोची चांदी. हिवाळ्यात जहाज लागलं की जत्रा भरायची. मेक्सिको शहरातले व्यापारी खेचरांचे तांडे घेऊन उतरायचे. हम्बोल्टच्या नोंदीप्रमाणे एरवी चार हजारांची वस्ती तेवढ्यापुरती नऊ हजारांवर जायची. माल उचलला गेला की व्यापारी गेले, सरकारी अंमलदारही थंड हवेच्या गावी निघून गेले, आणि मागे काळे, मिश्र वंशाचे आणि आशियातून आलेले लोक राहिले.

अकापुल्को 1940च्या दशकात हॉलिवुडने घडवलं, असं पर्यटनाच्या माहितीपत्रकांतून सांगतात. मला ते पटत नाही. बाहेरचे येणार, खर्च करणार, निघून जाणार, आणि उरलेलं वर्ष त्यावर काढायचं, ही चाल या गावाला तीनशे वर्षं आधीपासून ठाऊक होती.

त्या जहाजांतून माणसंही यायची, काही विकत घेतलेली. 17व्या शतकाच्या सुरुवातीला मिर्रा नावाची एक हिंदुस्थानी मुलगी अशीच आली. पोर्तुगीज चाच्यांनी पळवलेली, कोचीनला बाप्तिस्मा झालेली, मनिलात विकलेली. पुएब्ला शहरात ती कातारिना दे सान हुआन म्हणून 1688 पर्यंत जगली आणि लोकांनी तिला जवळजवळ संतपद दिलं. आशियातून येणाऱ्या सगळ्यांनाच तिथे ‘चिनो’ म्हणत, म्हणून ती ‘चिना पोब्लाना’, पुएब्लाची चिनी बाई. त्याच नावाचा झगझगीत घागऱ्याचा पोशाख आज मेक्सिकोची ओळख झाला आहे. तो तिच्यावरून आला ही मात्र दंतकथाच. पोशाख 19व्या शतकातला आहे.

फिलिपिनो खलाशी किनाऱ्यावर उतरून पसार व्हायचे आणि अकापुल्कोजवळच्या कोयुका भागात वस्ती करायचे. त्यांनी तिथल्या लोकांना माडाला छेद देऊन रस काढायला शिकवलं. त्या पेयाचं नाव आजही तुबा, फिलिपाइन्समधलंच. कोकणातल्या माणसाला एक घोट पाजला तर तो दुसरं नाव सांगेल: माडी. आंबाही याच वाटेने गेला. मेक्सिकोच्या बाजारात आजही ‘मांगो मनिला’ मिळतो.

या संपत्तीवर डोळा ठेवून डच आले, तेव्हा 1615 ते 1617 मध्ये सान दिएगो किल्ला उभा राहिला. 1776च्या भूकंपात तो मोडला. आज दिसतो तो 1783 मध्ये पुरा झालेला पंचकोनी किल्ला. 1813 मध्ये तो स्पेनविरुद्ध लढणाऱ्या मोरेलोसच्या बंडखोर सैन्याच्या हाती आला आणि दोन वर्षांत जहाजंही थांबली. आता तिथे संग्रहालय आहे.

मग शंभरेक वर्षं झोप. मधल्या काळात कॅलिफोर्नियाच्या सोन्यामागे धावणाऱ्या चिलीच्या लोकांची जहाजं बंदराला लागली आणि त्यांचा क्वेका नाच किनाऱ्यावर रुजला. हातात रुमाल घेऊन जोडीने करायच्या या नाचाला अजून ‘चिलेना’च म्हणतात. अकापुल्कोच्या पूर्वेला, कोस्ता चिका पट्ट्यातल्या आफ्रिकी वंशाच्या गावांत तो ऐन रंगात येतो. मृतांच्या सणात तिथेच दाढीवाले मुखवटे घालून सैतानांचा नाच चालतो, आणि गाढवाच्या किंवा घोड्याच्या जबड्याचं हाड हे त्यातलं एक वाद्य असतं.

1927 मध्ये राजधानीहून मोटाररस्ता आला आणि जत्रा पुन्हा भरली. 1930च्या दशकात ला केब्रादावर हॉटेल झालं आणि 1934 पासून कोळ्यांच्या पोरांच्या उड्यांना कार्यक्रमाचं रूप आलं. उंची सुमारे 35 मीटर, खाली चिंचोळी घळ, पाणी जेमतेम चार मीटर. पोरगा आधी खालून उघड्या पायांनी कडा चढतो, वरच्या ग्वादालुपे मातेच्या देवळीपुढे हात जोडतो आणि थांबतो. तो बघत असतो लाटेकडे. लाट आत शिरताना झेप घ्यायची, म्हणजे तो खाली पोचेपर्यंत घळ भरलेली असते. ओसरत्या लाटेवर उडी घेतली तर खाली खडक. प्रेक्षकांना तो थांबण्याचा वेळ नाटकी वाटतो, पण सगळा हिशोब त्यातच असतो.

राष्ट्राध्यक्ष मिगेल अलेमानने (1946–52) किनाऱ्याचा हमरस्ता बांधला. त्याला नावही त्याचंच. त्यासाठी शेतकऱ्यांच्या सामाईक जमिनी सरकारने ताब्यात घेतल्या, हे माहितीपत्रकांत सापडत नाही. पुढे हॉलिवुड आलं. टारझन साकारणारा जॉनी वाइसम्युलर इथेच राहिला आणि 1984 मध्ये इथेच वारला. 1953 मध्ये केनेडी दांपत्य मधुचंद्राला आलं. एल्विस प्रिस्लीचा 1963चा एक सिनेमा अकापुल्कोत घडतो, त्यात तो केब्रादाची उडीही मारतो. प्रत्यक्षात त्याने या गावात पाऊलही टाकलं नव्हतं.

कलेच्या बाजूने पाहिलं तर एकच घर सांगावंसं वाटतं. मेक्सिकन चित्रकार दिएगो रिवेरा आयुष्याच्या शेवटच्या दोन वर्षांत, आजारी असताना, मैत्रीण दोलोरेस ओल्मेदोच्या टेकडीवरच्या घरी येऊन राहायचा. त्या घराच्या बाहेरच्या भिंतीवर त्याने फरशीचे तुकडे, दगड आणि शिंपले बसवून पिसांचा नाग केत्सालकोआत्ल, मेक्सिकोचा प्राचीन देव, सरपटत नेला. रंग वापरला असता तर खाऱ्या हवेत टिकता ना. घराचं नाव नाहुआत्ल भाषेत ‘वाऱ्यांचं घर’. 1957 मध्ये रिवेरा गेला. नाग अजून रस्त्याकडेला आहे.

1970च्या दशकात सरकारने कान्कून हे नवं किनारी पर्यटनस्थळ वसवलं आणि अमेरिकन पाहुणे तिकडे वळले. अकापुल्कोला उरले राजधानीचे सुट्टीकरू, आणि नंतर टोळ्यांची हिंसा. डोंगरउतारावर कामगारांच्या वस्त्या चढत गेल्या होत्या. 1980 मध्ये त्यातल्या हजारोंना उठवून डोंगरापलीकडे रेनासिमिएन्तो या नव्या वसाहतीत नेलं. नावाचा अर्थ पुनर्जन्म. ऑक्टोबर 1997 मध्ये पाउलिना वादळाच्या पुराने उतारावरच्या वस्त्याच धुतल्या. 25 ऑक्टोबर 2023च्या मध्यरात्रीनंतर आलेल्या ओटिसने मात्र श्रीमंत-गरीब पाहिलं नाही. एका दिवसात साधं वादळ पाचव्या, म्हणजे सर्वात वरच्या श्रेणीचं झालं, ताशी सुमारे 260 किलोमीटर वाऱ्याने हॉटेलांच्या काचा आणि भिंती उडाल्या, मागे नुसते सांगाडे उभे राहिले.

गावाची स्वतःची करमणूक मात्र समुद्राकडे बघत नाही. ती गुरुवारी असते. गुरुवार हा गेरेरो या इथल्या राज्यात पोसोलेचा वार. चुन्याच्या पाण्यात शिजवून साल काढलेला मका फुलेपर्यंत उकळतात, त्यात डुकराचं किंवा कोंबडीचं मटण, आणि हिरवा पोसोले असेल तर भोपळ्याच्या बियांचं वाटण. वाडग्यावर कांदा, ओरेगानो, अव्होकाडो, डुकराच्या कातडीचे कुरकुरीत तुकडे, लिंबू; बाजूला मेस्काल ही दारू. दुपारी कचेऱ्या सुटल्या की टेबलं भरतात, कोपऱ्यात कुणी गायला उभं राहतं, कुणी प्रसिद्ध गायिकांचे कपडे घालून त्यांच्या नकला करतं, आणि संध्याकाळ होईपर्यंत कुणी उठत नाही.