पिवळा दिसला म्हणून पिवळा धोबी नव्हे

गणपतीच्या सुमारास, पाऊस रेंगाळत असतानाच सह्याद्रीतल्या ओढ्यांवर करडा धोबी हा छोटा पक्षी येऊन दाखल होतो. वजन जेमतेम 15 ते 20 ग्रॅम. वीण हिमालयात आणि त्यापलीकडे थेट सायबेरियापर्यंत. आपल्याकडे मुक्काम मार्च-एप्रिलपर्यंत.

पक्षीनिरीक्षकांच्या नोंदवहीत मात्र त्याची हमखास 'पिवळा धोबी' म्हणून नोंद होते, कारण तो उडाला की शेपटीखालचा पिवळाजर्द रंग तेवढा डोळ्यांत भरतो. तेव्हा रंग बाजूला ठेवा आणि आधी पाय बघा. करड्याचे पाय फिकट गुलाबी-तपकिरी, पिवळ्याचे काळे. मग पाठ: करड्याची राखाडी, पिवळ्याची हिरवट. पाय दगडाआड असतील तर शेपटी बघावी. करड्याच्या एकूण 18-19 सेंमी लांबीत जवळपास निम्मी तीच असते.

खरा घोळ घालतो तो पिवळ्या डोक्याचा धोबी, कारण पाठ त्याचीही राखाडी. पण त्याचे पाय काळे, पंखांवर दोन ठळक पांढरे पट्टे आणि वावर तळ्याकाठच्या चिखलात. करड्याला खळखळतं पाणी आणि दगड लागतात. पिवळा ओल्या कुरणात, चरणाऱ्या गुरांच्या पायांशी किडे टिपत फिरतो. मार्चअखेरीस करड्या नराचा गळा काळा होऊ लागतो. तो काही वेगळा पक्षी नव्हे.

मे महिन्यात काळा-पांढरा धोबी दिसला, तर तो बहुधा इथलाच कवड्या धोबी. त्याचं कपाळ काळं आणि भुवई पांढरी. पाहुण्या पांढऱ्या धोब्याचं कपाळच पांढरं.

धोब्याची शेपटी सतत खालीवर का? तोल सांभाळायला, असं सर्रास सांगतात. पांढऱ्या धोब्यांच्या अभ्यासातून वेगळीच शक्यता पुढे आली: 'मी सावध आहे, झडप घालून उपयोग नाही' असा तो शिकाऱ्याला इशारा असावा. मला हे जास्त पटतं, कारण सपाट जमिनीवर तोल जायचं कारणच काय?

करडा धोबी बघायचा तर ओढ्यातून त्याच्या मागे चालू नये. तो 'चिट्-चिट्' करत हेलकावे घेत पुढच्या दगडावर जातो. तुम्ही पुढे सरकलात की आणखी पुढे. पण हिवाळाभर तो एकटाच आपला ठरावीक पट्टा राखतो. काठावर झाडाआड बसून राहिलात, तर थोड्या वेळात वळसा घालून मागे येतो. दुर्बीण तयार ठेवा, आणि आधी पाय.